कर्जतच्या वर्गात अवघड संख्याशास्त्र

तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र किती शिकवावे, असे विचारले की बहुतेक जाणकारांचे उत्तर ठरलेले असते. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-टेस्ट, काय-स्क्वेअर, फार तर सरळ रेषेचे रिग्रेशन. त्यापुढचे एमएस्सीला, आणि तेही ज्यांना मुंबई-पुण्याला जाणे जमेल त्यांना. यामागे मुलांबद्दल आकस नसतो, काळजीच असते. पाया कच्चा, इंग्रजीची धास्ती, त्यात आणखी ओझे कशाला? मला हे मत मुळातच चुकीचे वाटते. ते का, हे रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या उदाहरणांवरूनच दाखवता येते. सोप्या पद्धती सोप्या प्रश्नांना पुरतात. या दोन तालुक्यांतले प्रश्न सोपे नाहीत.

कुपोषणच घ्या. कर्जत तालुक्यातल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरच्या कुपोषित बालकांच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. मूल मोजायची रीत ठरलेली आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की ते ‘सॅम’, म्हणजे अतितीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान असले तर ‘मॅम’. उंचीच्या मानाने वजन किती, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवर ताडून पाहतात आणि मध्यापासून उणे तीन प्रमाण विचलनांच्याही खाली असलेले मूल सॅममध्ये धरतात. अंगणवाडी सेविकेच्या रोजच्या कामातच असे संख्याशास्त्र दडलेले आहे.

आता समजा, टीवायच्या एका विद्यार्थिनीला प्रोजेक्टसाठी ३० वाड्यांवरच्या ६०० मुलांच्या नोंदी मिळाल्या, दर वाडीवर २० मुले. निम्म्या वाड्यांवर जादा आहाराची एखादी योजना चालू आहे, निम्म्यांवर नाही. शिकवले तसे ती करते: दोन गट, दोन सरासऱ्या, टी-टेस्ट, पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी, योजना परिणामकारक. जर्नलवर सही होते, गुण मिळतात. निष्कर्ष मात्र टिकत नाही. टी-टेस्टने गृहीत धरलेले असते की सहाशे मुले म्हणजे सहाशे सुट्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या नोंदी. एका वाडीवरची वीस मुले एकाच झऱ्याचे पाणी पितात, एकाच रेशन दुकानावर अवलंबून असतात, पावसात त्यांचा रस्ता एकदमच तुटतो, आणि त्यांचे वजन एकाच काट्यावर होते. काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवत असेल तर वीसही मुलांचे वजन दोनशे ग्रॅमने फुगते. या सारखेपणाचे माप, म्हणजे वाडीअंतर्गत सहसंबंध, नुसता ०.१ धरला तरी गणित असे होते: १ + (२० – १) × ०.१ = २.९. सहाशे मुलांमधून मिळणारी खरी माहिती सुमारे २०७ सुट्या मुलांइतकीच. निष्कर्षाचा विश्वास ज्या आकड्यावर उभा होता, त्याचा एक तृतीयांश उरला. योजनाही वाडीवार वाटलेली असल्याने खरी तुलना तीस वाड्यांमधली आहे.

हे दुरुस्त करायचे तर मूल आणि वाडी असे दोन्ही स्तर धरणारे मिश्र-परिणाम प्रतिमान लागते. अभ्यासक्रमाच्या भाषेत ते ‘प्रगत’, एमएस्सीचे. मग टीवायच्या विद्यार्थिनीने काय करायचे? जी पद्धत या ठिकाणी लागू पडत नाही, तीच वापरून चुकीचे उत्तर काढायचे? एखादी पद्धत ‘प्रगत’ की ‘प्राथमिक’, हे आपण तिच्यामागच्या बीजगणितावरून ठरवतो. ते तिच्या गरजेवरून ठरायला हवे. घरे, वाड्या, गावे, शाळा, दवाखाने, जिथे जिथे माणसे गटाने राहतात तिथे तिथे गटांचा विचार करणारे प्रतिमान हीच पहिली पायरी आहे. सुट्या नोंदींचा टी-टेस्ट हा अपवादाचा प्रसंग.

दुसरी अडचण याहून खोल आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. मुले अर्थातच सोबत जातात. मधल्या महिन्यांत अंगणवाडीच्या नोंदींत कुपोषितांची संख्या घटलेली दिसली, तर ती सुधारणा आहे की गैरहजेरी? जी मुले यादीतून गळतात, ती सरासरी मुले नसतात. घरात सगळ्यांत जास्त नड असलेली, उचल घेतलेल्या बापाची ती मुले असतात. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये नोंद हरवण्याचे प्रकार नीट वेगळे केले: योगायोगाने हरवलेली नोंद, दुसऱ्या ज्ञात गोष्टीमुळे हरवलेली नोंद, आणि जी गोष्ट मोजायची तिच्याचमुळे हरवलेली नोंद. तिसरा प्रकार सगळ्यांत घातक, कारण तो आकडेवारीत डोकावून ओळखता येत नाही. ती मुले कुठे गेली, हे बाहेरून माहीत असावे लागते.

मोठमोठ्या विद्यापीठांतल्या मुलांना हा तिसरा प्रकार समजावून देताना घाम फुटतो. कशेळे किंवा चौक परिसरातल्या मुलाला तो एका वाक्यात कळतो, कारण भट्टीचा ट्रक कधी भरतो हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. ग्रामीण मुलांचा पाया कच्चा असे आपण म्हणतो तेव्हा हातच्याच्या गणिताचा आणि इंग्रजीचा पाया मोजतो. आकडा कसा जन्माला येतो, कोण लिहितो, कोणत्या दबावाखाली लिहितो, कोण त्यातून सुटतो, हा प्रतिमानाचा दुसरा पाया आहे, आणि तो त्यांच्याकडे भरभक्कम आहे. अभ्यासक्रमाने त्याला एकदाही हात लावलेला नाही.

खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीबद्दल लिहिताना हात जड होतो, पण या विषयात ते टाळता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली ही ठाकूर वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले. आधीच्या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे विधानसभेत सांगण्यात आले. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हेही तिथेच सांगण्यात आले. त्याच वर्षी, दुर्घटनेच्या काही महिने आधी, इस्रोच्या हैदराबादच्या केंद्राने देशाचा दरडींचा अ‍ॅटलस प्रसिद्ध केला होता. त्यात १४७ जिल्ह्यांची धोक्यानुसार क्रमवारी होती. पण जिल्ह्याचा क्रमांक कितीही असो, त्यावरून वाडीचा धोका कळत नाही. रायगड जिल्ह्यात समुद्रकाठची खारजमीनही येते आणि माथेरान-प्रबळगडाचे कडेही येतात.

यादी म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला समजले पाहिजे. यादी हेही एक प्रतिमानच असते. त्यात काही खुणा निवडलेल्या असतात, एक उंबरठा ठरवलेला असतो, त्याच्या वरचे आत आणि खालचे बाहेर. उंबरठा कुणी ठरवला, कशाच्या आधारावर, हे यादीवर छापलेले नसते.

समजा, डोंगरउतारावरच्या २०० वाड्यांची पाच वर्षांची माहिती आहे, म्हणजे हजार वाडी-वर्षे, आणि त्यात एकदाच दरड कोसळली. ‘सगळ्या वाड्या सगळी वर्षे सुरक्षित’ असे सांगणारे प्रतिमान ९९.९ टक्के अचूक ठरते. अचूकतेचा टक्का काढायला शिकवलेला विद्यार्थी या प्रतिमानाला पैकीच्या पैकी गुण देईल. लॉजिस्टिक रिग्रेशन शिकलेला विद्यार्थी दर वाडीची संभाव्यता मागेल. चांगला शिकलेला विद्यार्थी त्याच्याही पुढे जाईल आणि विचारेल, संभाव्यता कितीवर गेली की माणसे हलवायची? हजारात पाचवर? शंभरात दोनवर? खाली उतरून शाळेत झोपायचे म्हणजे रोजगार बुडतो, गुरे आणि कोंबड्या वर राहतात. दोनदा उतरवले आणि काहीच झाले नाही तर तिसऱ्यांदा कुणी उतरत नाही. चुकून दिलेला इशारा आणि न दिलेला इशारा या दोन्हींची किंमत असते, आणि ती सारखी नसते. ती किंमत गणितातून येत नाही. वाडीवरच्या माणसांशी बोलूनच ठरते. पण ती ठरवल्याशिवाय गणित पुरे होत नाही. संख्याशास्त्राच्या पुस्तकात ‘लॉस फंक्शन’ म्हणून जे दोन ओळींत उरकले जाते, ते हेच.

न घडलेल्या गोष्टींच्या नोंदी किती मोलाच्या असतात, यासाठी जगभर एक उदाहरण शिकवतात आणि ते इथे चपखल बसते. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर लगेच फुटले, सात अंतराळवीर गेले. आदल्या रात्री थंडीबद्दल चर्चा झाली होती. आधीच्या ज्या सात उड्डाणांत रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांना इजा झाली होती तेवढीच तापमानाच्या आलेखावर पाहिली गेली, आणि त्यात तापमानाचा ठळक संबंध दिसला नाही. इजा न झालेली उड्डाणेही त्यात मांडली असती तर ती जवळजवळ सगळी उबदार दिवसांची आहेत, हे डोळ्यांना दिसले असते. आपल्याकडे माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी यांचे अहवाल एकत्र ठेवून ‘दरडीची कारणे’ शोधण्याची जी सवय आहे, तिच्यात हीच चूक आहे. तितकाच उतार, तितकाच पाऊस, तशीच माती असूनही जी वाडी टिकून राहिली, तिची नोंद कोण ठेवतो? महाविद्यालयातली मुले ठेवू शकतात. त्यांच्यातल्या कित्येकांची घरे तिथेच आहेत.

प्रतिमानातले एक गृहीतक बदलले की देशाचा आकडा बदलतो, हे सांगायला मराठी वर्गाला परदेशी जावे लागत नाही. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. लंडनहून १९३६ मध्ये पीएचडी करून आले, पुढे १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत होते. परतल्यावर पुण्यात त्यांनी एक वाद उभा केला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास मांडताना माणशी रोज २२५० कॅलरींची रेषा धरली होती. सुखात्म्यांचे म्हणणे असे की सरासरी गरजेखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी म्हणता येत नाही. एकाच माणसाचे रोजचे खाणे आणि खर्च बदलत राहतात, शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, म्हणून रेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलने खाली हवी. रेषा तिथे नेली की कुपोषितांची संख्या एकदम कमी होते. दांडेकरांना हे मान्य नव्हते, आणि वाद वर्षानुवर्षे चालला.

आकडेवारीतला जो फरक दिसतो तो माणसामाणसांमधला आहे की एकाच माणसाच्या दिवसादिवसांमधला, यावर सगळे अडले होते. हा नेमका मिश्र-परिणाम प्रतिमानाचा प्रश्न आहे, आणि देशातले दोन मोठे मराठी विद्वान त्यावर भांडत होते. मला स्वतःला सुखात्म्यांचे मोजमाप सूक्ष्म वाटते, पण जुळवून घेण्याची किंमत त्यांनी कमी लेखली असे वाटते. वाडीवरचे मूल कमी अन्नाशी जुळवून घेते ते उंची गमावून. विद्यार्थ्याने माझ्याशी सहमत व्हावे अशी गरज नाही. पण रेषा कुठे ओढायची हा वाद संख्याशास्त्राच्या आतला आहे, बाहेरचा नाही, हे त्याला पदवीच्या वर्गातच कळायला हवे.

सुखात्म्यांचे दुसरे काम कर्जतला अगदी जवळचे आहे. वि. गो. पानसे यांच्याबरोबर त्यांनी शेती संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये आले आणि आजही कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांत ‘पानसे-सुखात्मे’ हा उल्लेख हमखास असतो. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ चे. त्याच वर्षी रोनाल्ड फिशर इंग्लंडमध्ये रोथमस्टेडच्या शेती केंद्रात रुजू झाले आणि तिथल्या जमिनीच्या तुकड्यांवरून प्रयोगरचनेचे आधुनिक शास्त्र उभे राहिले. आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली असलेल्या कर्जतच्या केंद्राने कर्जत-३, कर्जत-७, सह्याद्री अशी नावे घराघरांत पोहोचवली. भाताच्या चाचणीत जमिनीचा चढ-उतार पाहून गट पाडतात, प्रत्येक गटात प्रत्येक वाण येतो, कोणता वाण कुठल्या वाफ्यात हे चिठ्ठीने ठरते. कापणीच्या वेळी वाफ्याच्या कडेच्या ओळी बाजूला टाकतात, कारण कडेच्या रोपाला ऊन आणि जागा जास्त मिळते. वजन आतल्या ओळींचेच धरतात. हे एकदा बांधावर उभे राहून पाहिले की पूर्वग्रह म्हणजे काय आणि तो आधीच कसा अडवायचा, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तिथून पुढचे पाऊल परस्परक्रियेचे. कर्जतच्या गोड्या जमिनीत पहिला आलेला वाण पेण-अलिबागच्या खारजमिनीत मार खातो. म्हणून पनवेलच्या खारभूमी केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२ असे वेगळे वाण दिले. ‘सगळ्यांत चांगला वाण कोणता’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठे, कोणत्या पाण्यावर, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. कोणता शिक्षक, कोणती योजना, कोणते औषध चांगले, या सगळ्या प्रश्नांना हेच लागू. हे समजलेला विद्यार्थी वर्तमानपत्रातली ‘सर्वोत्तम जिल्हा’ छापाची क्रमवारी पुन्हा पूर्वीसारखी वाचणार नाही.

आता आक्षेप. सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की आर किंवा पायथनमध्ये दोन ओळी लिहिल्या की कोणतेही प्रतिमान चालते, आता तर त्या ओळीही यंत्रच लिहून देते. पाया नसलेल्या मुलाच्या हाती हे दिले तर तो बेधडक चुकीचे निष्कर्ष काढेल. धोका खरा आहे. पण मगाशी पाहिले, टी-टेस्टने तो अगदी तसाच चुकीचा निष्कर्ष काढतो आहे, आणि त्यावर सहीही होते आहे. साधी पद्धत चुकीपासून वाचवत नाही. तिच्यामुळे चूक दिसत नाही एवढेच. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मोबाइलच्या ब्राउझरवरही चालवता येते. त्याचा मोठा उपयोग असा की खोटी आकडेवारी आपणच तयार करता येते. वाडीअंतर्गत सारखेपणा ०.१ ठेवून, योजनेचा परिणाम शून्य ठेवून सहाशे मुले संगणकात तयार करा. हजार वेळा टी-टेस्ट लावा. परिणाम नसताना तो किती वेळा ‘परिणाम आहे’ म्हणतो ते मोजा. शंभरात पाच वेळा चुकायला हवे होते. तो त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा चुकतो. ही एक दुपार दहा सिद्धतांचे काम करते, आणि सिद्धता वाचायची भूकही लावते.

गणित कमी करा असे मी म्हणत नाही. संभाव्यता, वितरणे, थोडे मॅट्रिक्स, हे राहिलेच पाहिजे, आणि जास्त कसून राहिले पाहिजे. काढायचे ते वेगळे. पुस्तकाच्या मागचे तक्ते पाहून टी आणि एफच्या किमती शोधण्यात जाणारी प्रॅक्टिकल्स काढा. एकाच साच्याची, फक्त आकडे बदललेली पाच-पाच उदाहरणे काढा. डझनभर चाचण्यांची नावे पाठ करणे काढा; त्यांतल्या बहुतेक रिग्रेशनच्याच विशेष अवस्था आहेत. एवढी जागा मोकळी झाली की दुसऱ्या वर्षात रिग्रेशन परस्परक्रियेसह नीट होते आणि तिसऱ्या वर्षात लॉजिस्टिक, मिश्र-परिणाम आणि हरवलेल्या नोंदी यांना सत्र मिळते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत फील्ड प्रोजेक्टचे श्रेयांक आहेतच. ते बहुतेक ठिकाणी गूगल फॉर्मवरच्या पन्नास मित्रांच्या उत्तरांवर खर्ची पडतात.

मात्र मुलांना प्रश्नावल्या घेऊन वाड्यांवर पाठवू नये. वाडीने आजवर पुष्कळ प्रश्नावल्या भरून दिल्या आहेत आणि त्यातून तिला फारसे काही मिळालेले नाही. असलेल्या नोंदी, नावे आणि ओळख काढून, वापराव्यात. वाडीवर जायचे ते तिथली माणसे आकडे वाचून काय म्हणतात ते ऐकायला.

नोकरीचा आक्षेप मी थोडक्यात घेतो. खोपोलीच्या कारखान्यांत किंवा कर्जतच्या रिसॉर्टमध्ये मिश्र-परिणाम प्रतिमान कुणी मागत नाही, हे खरे. पण कर्जत लोकल पकडून कल्याण-ठाण्याच्या डेटा सायन्सच्या क्लासला भरमसाट फी भरणाऱ्या मुलांना तिथे जे मिळते, ते बहुधा तयार फाइलवर तयार कोड चालवणे असते. तेवढे काम आता यंत्र करते. फाइल तयार कशी झाली, हे विचारणारा माणूस पुढेही लागणार आहे.

खरी अडचण विद्यार्थ्यांची नाही, शिक्षकांची आहे. अनेक महाविद्यालयांत संख्याशास्त्र तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवतात. तासाला मानधन, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. वर्षभर एकाच आकडेवारीवर मुलांसोबत बसणे, चुकलेले प्रतिमान परत उभे करणे, भात केंद्रावर आणि तहसील कचेरीत हेलपाटे घालणे, यातले काहीच ‘तास’ म्हणून मोजले जात नाही. अशा माणसाने तक्त्यातली किंमत शोधायला शिकवले तर त्याला दोष देता येत नाही. त्याच्या मोबदल्यात तेवढेच बसते. म्हणून अभ्यासक्रम बदलण्याआधी प्रोजेक्टच्या मार्गदर्शनाचे तास पगारी धरले पाहिजेत आणि संख्याशास्त्राची रिकामी पदे कायमस्वरूपी भरली पाहिजेत. कर्जत आणि खोपोलीतल्या महाविद्यालयांनी एकच सामाईक आकडेवारी, म्हणजे मंडळनिहाय पाऊस, अंगणवाडीच्या ओळख काढलेल्या नोंदी, भाताचे पीक कापणी प्रयोग, वर्षागणिक वाढवत नेली, तर पाच वर्षांनी टीवायच्या मुलांकडे असा साठा असेल की जिल्हाधिकारी कार्यालयाला तो मागायला यावे लागेल.

परीक्षेचा प्रश्नही मग बदलावा लागेल. ‘पुढील माहितीवरून टी-ची किंमत काढा’ याऐवजी असे विचारता येईल: सोबत एका प्रकल्पातल्या अंगणवाड्यांची बारा महिन्यांची सॅम मुलांची संख्या दिली आहे, डिसेंबर ते एप्रिल ती निम्मी झालेली दिसते. या घटीची तीन संभाव्य स्पष्टीकरणे लिहा, प्रत्येकासाठी कोणती जादा नोंद लागेल ते सांगा, आणि ती नोंद मिळत नसेल तर निष्कर्ष कोणत्या मर्यादेत मांडाल ते लिहा. गुण पंधरा.